माझ्या नावावरची डोकेदुखी

सोमवार, ४ तारीख

डॉक्टरीणबाई, ही वही उघडाल तेव्हा तुम्हाला पहिला प्रश्न पडेल की ही म्हातारी कोण. म्हणून आधीच सांगून ठेवते. नवे दात बसवलेली, काठी दाराशी विसरणारी, तीच मी. तीन खेपा झाल्या आणि तिन्ही वेळा तुम्ही माझं नाव विचारलंत. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम शेजारणीचं नाव सांगितलं, तर तुम्ही तेही लिहून घेतलंत. आता औषधाचा गुण तिला आला तर मला कळवा.

तुम्ही म्हणालात, आजी, डोकं दुखायला शंभर कारणं असतात. झोप, भूक, चहा, डोळे, मान, रक्तदाब, काळजी. कधी दुखतं, कुठे दुखतं, ठणकतं की आवळतं, उजेड सोसतो का, मळमळतं का, हे रोज लिहून आणा, मग कारण सापडेल. मी म्हटलं, मला अक्षर येत नाही. हे सांगताना मला लाज वाटली नाही, तुम्हालाच वाटली. म्हणून सूनबाई लिहिते आहे. तिला ताकीद दिली आहे की मी बोलेन ते सगळं उतरवायचं, खोकलासुद्धा.

घरात आम्ही दोघीच. मुलगा जाऊन अकरा वर्षं झाली. नात परगावी शाळेत शिकवते. आमचा धंदा रफूचा. कोपऱ्यावरच्या लाँड्रीतून कोट, शाली, चांगल्या विजारी येतात. कुठे कसर लागलेली, कुठे सिगरेटचं भोक. ठिगळ लावणं वेगळं. रफू म्हणजे त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि भोकात तो असा विणायचा की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते कळू नये. सूनबाईला मी शिकवलं. माझे डोळे गेले, तशी आता ती विणते आणि मी तपासते. अंगठ्याचं नख फिरवायचं. नख अडलं की उसव.

आजचं दुखणं. दिवे लावायच्या वेळी सुरू झालं. डोक्याभोवती ओलं फडकं बांधून कोणी पिळावं तसं. दोन्ही कानशिलं, जबडा, कानामागे. जेवल्यावर जास्त. चहा तीन कप. सूनबाईचं बोट लिहिताना जरा जास्त वेळ हललं, म्हणजे तिनं चार लिहिले असणार.

मंगळवार, ५ तारीख

आज डोकं दुखलं नाही. एवढंच लिही आणि तो करडा कोट घे हातात, लाँड्रीवाला दोनदा डोकावून गेला.

सकाळी उठल्या उठल्या दुखतं. डाव्या भुवईच्या वर, खोल आत. वाकलं की वाढतं. खोकलं की वाढतं. तासाभराने कमी होतं.

गुरुवार, ७ तारीख

संध्याकाळी पुन्हा आवळलं. मी दोनच वाक्यं सांगते आणि ही पाच ओळी लिहिते. मी विचारलं, "माझे शब्द तुझ्या हातात फुगतात का गं, भिजत घातल्यासारखे?"

ती म्हणाली, "तुम्ही भरभर बोलता, आई. तुम्हाला दोन वाटतात."

असेल. लिहिणाऱ्याशी न लिहिणाऱ्यानं वाद घालू नये.

डॉक्टरीणबाई, खरं सांगू का, डोकं दुखणं या रोगावर माझा विश्वासच नव्हता. पोट दुखलं तर माणूस वाकतो, पाय दुखला तर लंगडतो. डोकं दुखलं तर नुसतं तोंड वाकडं करून बसतो. हा बसून खाणाऱ्यांचा रोग, असं माझं मत. मागच्या थंडीत एकदा सूनबाई कपाळ धरून म्हणाली, "आई, डोकं फार दुखतंय." मी म्हटलं, "रफूवालीचं डोकं दुखायला लागलं तर माशाला पाणी बाधेल." ती इतकी हसली की हातातली सुई पडली, अर्धा तास आम्ही दोघी जमिनीवर हात फिरवत होतो. तेव्हापासून तिचं डोकं एकदाही दुखलं नाही. माझ्या बोलण्याला गुण आहे. आता माझंच दुखतंय, तर मला तसं बोलणारं कोणी नाही.

हे सगळं लिहिलंस का? लिहिलं म्हणते.

जेवण निम्मं गेलं. उरलेलं नेहमीप्रमाणे तिनं संपवलं. तिला वाढायला गेलं की "मला भूक नाही" असतं, पण माझ्या ताटातलं टाकवत नाही तिला. म्हणून मीही हल्ली जरा जास्तच वाढून घेते.

खाल्लं की ढवळतं. आज सकाळी एकदा उलटी.

शनिवार, ९ तारीख

आज तुमच्याकडे येऊन गेलो. बाहेर एवढी माणसं होती की तुम्ही वही उलटसुलट केलीत, दोन पानं वाचलीत, दंडाला पट्टा बांधलात आणि म्हणालात, "उजेडानं त्रास होतो का, आजी?" मी म्हटलं, "या वयात उजेड दिसला तर आभार मानायचे." तुम्ही हसलात आणि गोळ्या लिहून दिल्यात. दुखेल तेव्हा एक. दुखणं चालू राहिलं तर पुढच्या सोमवारी वही घेऊन या म्हणालात. मला वाटलं होतं तुम्ही अर्धशिशी, सर्दी असं काहीतरी एक नाव द्याल. नाव दिलं की दुखणं जरा वळणावर येतं, मुलासारखं.

नाव तुम्ही फक्त माझं विचारलंत. चौथ्यांदा.

मंगळवार, १२ तारीख

गोळीनं बरं वाटतं. पण एक भानगड आहे. मला लिहिता येत नसलं तरी मोजता येतं. गोळ्यांच्या पाकिटाची घरं मी बोटांनी चाचपते. तीन दिवसांत मी तीन घेतल्या. नऊ घरं रिकामी आहेत.

सूनबाई म्हणाली, "तुम्ही दुपारीही घेता, आई. आणि विसरता."

"मी विसरते?"

"परवा काठी विसरलात तशा."

तर लिहा, डॉक्टरीणबाई, म्हातारीला विसरण्याचा रोगही लागला. तुम्हाला नावं ठेवत होते, ते माझ्याच अंगावर आलं.

गोळी घेतली तर दोन तास बरं. मग पुन्हा. दोन घेतल्या तरी तेवढंच.

शुक्रवार, १५ तारीख

आज माझं डोकं फारसं नाही दुखलं, पण दिवस वाईट गेला. त्या करड्या कोटाच्या गळ्यावरचं रफू तिनं चार दिवसांनी पुरं केलं. एरवी ते एका दुपारचं काम. मी नख फिरवलं तर अडलं. एकदा नाही, तीनदा. खिडकीशी नेऊन डोळ्यांना लावला. माझ्या या धुकट डोळ्यांनासुद्धा दिसलं. करड्या कोटात निळा धागा.

तिच्या हाती सुई दिल्यापासून एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी म्हटलं, "आज डोकं ठिकाणावर नाही वाटतं बाईसाहेबांचं." ती हसली, पण जरा उशिरा हसली. कोणीतरी आधी सांगावं लागतं ना, की आता हसायचं, तशी. मग म्हणाली, "उसवते, आई, जरा कात्री द्या." मी कात्री दिली. ती हातात धरून बघत बसली आणि म्हणाली, "ही नव्हे. ती. टोचायची." 

सुई म्हणायचं होतं तिला. आम्ही दोघी हसलो.

पाण्याचा पेला तिनं टेबलाच्या उजव्या कडेशी ठेवला, म्हणजे कडेबाहेरच. फुटला. या आठवड्यातला दुसरा. मी म्हटलं, पेले फोडायचे तर लग्नातले आधी फोड, ते मला कधी आवडले नव्हते.

वाचताना उजवीकडची अक्षरं हरवतात. ओळ अर्धीच दिसते. म्हणायचा शब्द येत नाही, दुसराच येतो. सकाळी दोनदा उलटी. लिहिताना हात जड होतो. हे सगळं कशानं होतं?

गुरुवार, २१ तारीख

आजपासून अक्षर बदललं आहे. नात लिहिते आहे. ती सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघाली आणि मंगळवारी सकाळी आली. ती शिक्षिका आहे, तेव्हा माझी वाक्यं मध्येच दुरुस्त करते. तिलाही ताकीद दिली आहे.

सोमवारी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याच खोलीत झालं. पण वहीत माझ्या बाजूनं असावं म्हणून सांगते.

त्या दिवशी गर्दी नव्हती. तुम्ही वही पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत. वाचता वाचता दोनदा हसलात. मग हसायच्या थांबलात. शेवटचं पान तुम्ही पुन्हा वाचलंत आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "आजी, वाचताना तुम्हाला उजवीकडची अक्षरं दिसत नाहीत?"

मी म्हटलं, "मला डावीकडचीही दिसत नाहीत. मी जन्मात कधी वाचलं नाही, बाई."

"मग सकाळच्या उलट्या?"

"शेवटची उलटी मुलाच्या वेळी झाली. तो असता तर पन्नाशीला आला असता."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. मला वाटलं तुम्ही रागावलात, म्हातारी थट्टा करते म्हणून. पण तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे सूनबाई उभी होती, माझी काठी दोन्ही हातांत धरून.

"ही वही कोण लिहितं?" तुम्ही विचारलंत.

तिनं काठी भिंतीला टेकवून ठेवली, हळू, आवाज होऊ नये अशी, आणि तुमच्यासमोरच्या स्टुलावर बसली. माझ्या स्टुलावर.

मग तुम्ही तिच्या डोळ्यांत दिवा धरलात, बोट फिरवून दाखवलंत, तिला एका रेषेत चालायला लावलंत. उजव्या हाताला तुमचं बोट तिला दिसत नव्हतं. मी विचारलं, "हिला कशाला तपासता? डोकं माझं दुखतं." तेव्हा तुम्ही मला तोंड उघडायला सांगितलंत, नवे दात बाहेर काढलेत, जबड्याच्या सांध्यावर बोटं दाबलीत. मी ओरडलेच. तुमची बोटं बरोबर दुखण्यावर पडली होती. तुम्ही म्हणालात, "कवळी नीट बसलेली नाही. तुम्ही दिवसभर दात आवळून धरता. तुमचं दुखणं इथलं आहे." आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. माझे तर दातही विकतचे.

तेव्हापासून कवळी फडताळावर ठेवली आहे. तीन दिवसांत डोकं एकदाही दुखलं नाही. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

सूनबाईच्या डोक्याचं चित्र त्याच दुपारी काढलंत. तिला इस्पितळातच ठेवून घेतलंत. मी काठी घेऊन एकटी घरी आले. या खेपेला विसरले नाही.

शनिवार, २३ तारीख

काल नातीला म्हटलं, पहिल्यापासून वाचून दाखव. ती वाचत गेली. माझंच बोलणं, मला ओळखीचं. "करडा कोट घे हातात, लाँड्रीवाला दोनदा डोकावून गेला." आणि त्याच दमात, "डाव्या भुवईच्या वर, खोल आत."

मी म्हटलं, "हे मी सांगितलं नव्हतं."

नात म्हणाली, "आजी, अक्षर एकच आहे. शाई एकच आहे. कळत नाही कुठे तू संपतेस."

कळणार नाहीच. रफू मी शिकवलं आहे तिला. पण नख फिरवायचं काम माझं होतं.

मग नातच बोलली. तिची आई तिला दर रविवारी फोन करायची. "आजीचं डोकं फार दुखतं गं. सकाळी उठवत नाही. उलट्या होतात." ही तिकडून म्हणायची, आजीला डॉक्टरकडे ने. आणि सूनबाईनं खरोखर आजीलाच आणलं. मीही काठी टेकत आले.

आज भेटायला गेलो तर सूनबाई उशीला टेकून बसली होती. सुजेवरच्या औषधानं दुखणं उतरलं आहे, चेहरा निवळला आहे. शब्द अडतो, पण वाट बघितली की येतो. मी विचारलं, "माझ्या डोक्यात तुझं डोकं का घातलंस?"

"मला वाटलं, डॉक्टर तुम्हाला गोळ्या देतील. त्यातल्या... त्यातल्या मी घेईन."

"स्वतः जाऊन मागायच्या होत्यास."

"एका घरात एकीचंच दुखावं, आई. दोघींचं दुखलं तर चूल कोण पेटवणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

ती चादरीच्या शिवणीवर नख फिरवत राहिली. मला वाटलं शब्द अडला. पण शब्द नव्हता अडला.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "थंडीत."

मी माशाचं आणि पाण्याचं बोलले होते, तेव्हा. ती हसली होती. सुई पडली होती. मला आठवतं, सुई मला सापडली होती आणि ती जमिनीवरून लवकर उठली नव्हती. वाकल्यावर वाढतं ना ते.

पोरी, हे नीट लिही. अक्षर चांगलं काढ.

मंगळवार, २६ तारीख

सकाळी आठला सूनबाईला ऑपरेशनला आत नेलं. केस काढले होते. तिला कधी टिकली कुठे ठेवली ते आठवायचं नाही, पण केसांची काळजी फार. मी म्हटलं, "माझ्यासारख्या म्हातारीपेक्षा तू आता गुळगुळीत दिसतेस." मग माझी मलाच भीती वाटली. पण ती हसली, आणि वेळेवर हसली.

दुपारी तीनला बाहेर आणलं.

मोठे डॉक्टर बोलले. तुम्हीही शेजारी उभ्या होता. ते म्हणाले, आतली गाठ बरीचशी काढली, पण सगळी काढता येण्यासारखी नव्हती. थोडी मुळाशी राहिली आहे. मी म्हटलं, राहू द्या. आम्हीसुद्धा भोकाच्या कडेचे दोन धागे सोडतो, सगळे ओढले तर कापडच उसवतं. ते म्हणाले, बरोबर आहे, आजी. मग म्हणाले, टाके सुकले की घरी न्या. जेवढा वेळ आहे तेवढा तिच्या माणसांत जाऊ दे.

म्हणजे लवकर सोडणार. मी नातीला म्हटलं, अंथरूण उन्हात टाकायला हवं, पेले नवे आणायला हवेत, पत्र्याचे, पडले तरी चालतील असे.

नात लिहायची थांबली आहे. लिही गं. पेल्यांचं लिही.

बुधवार, ४ तारीख

महिना बदलला. ही वही तुमच्या टेबलावर ठेवून जाणार आहे, डॉक्टरीणबाई. डोकेदुखीची म्हणून दिली होतीत, आता त्या कामाला ती उरलेली नाही. माझी संपली आणि तिची तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हल्ली तुम्ही मला नाव विचारत नाही. लांबूनच हाक मारता आणि खुर्ची देता. आधीचं बरं होतं.

सूनबाई मला ओळखते, नातीला ओळखते. शब्द थोडे आहेत, पण कामापुरते आहेत. अक्षरं मात्र गेली. नातीनं काल पाटी आणली, तिच्या शाळेतल्या मुलांना देते तशी. मोठं अक्षर काढून दाखवलं. सूनबाईनं पाटी हातात घेतली, जवळ नेली, लांब नेली, आणि माझ्याकडे बघितलं. मी ते बघणं ओळखते. लग्नाच्या वेळी मला अंगठा उमटवायला कागद दिला होता, तेव्हा मी तसंच आईकडे बघितलं होतं.

मी म्हटलं, "ये. आता आपण दोघी सारख्या. तुला या जगात कसं राहायचं ते मी शिकवते. सोपं आहे. सगळ्यांना वाचायला लावायचं आणि चेहरा बघत बसायचं."

नात बाहेर गेली. तिला हल्ली सारखं बाहेर काम असतं.

मग मी पिशवीतून फाटका रुमाल, धागा आणि सुई काढली. नर्सबाई म्हणाल्या, सुई नको. मी म्हटलं, मी बसले आहे ना. सूनबाईनं सुई घेतली. सुईचं नाव तिला सांगता आलं नाही, पण हातानं ओळखली. धागा मी ओवून दिला, म्हणजे नातीनं येऊन ओवून दिला. उभे धागे घातले, मग आडवे, एक वरून, एक खालून. उजवीकडे गेली की भोक हरवायचं, मग मी तिचं बोट धरून पुन्हा कडेवर आणायची. वीतभर काम, सगळी दुपार गेली. झाल्यावर तिनं रुमाल माझ्यापुढे धरला, पहिल्यांदा शिकत होती तेव्हा धरायची तसा.

मी नख फिरवलं. अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडलं.

मी म्हटलं, "काही लागत नाही नखाला."

तो रुमाल माझ्या कमरेला आहे.

आता शेवटचं, आणि हे विसरू नका, कारण तुमच्या विसरण्याची मला खात्री आहे. तुमच्या स्वयंपाकघरातून तिचं जेवण येतं ते तसंच परत जातं. वाढणारी विचारते, हे हवं का? ती हो म्हणते. ते हवं का? त्यालाही हो म्हणते. तिला काय हवं ते ती कधीच सांगणार नाही, डोकं चांगलं होतं तेव्हाही सांगत नव्हती. तेव्हा तिला विचारू नका, माझं ऐका. गोड खीर पाठवू नका, तुमचं मन राखायला ती खाईल आणि रात्री ओकेल. मऊ भात पाठवा, गरम, वर थोडं तूप. मीठ वेगळं, पुडीत. एक उकडलेला बटाटा, सोललेला, कारण साल काढायला बसली तर जेवण राहून जाईल. आणि दोघींना पुरेल एवढं एकाच ताटात पाठवा. ताट तिच्यापुढे ठेवू नका, माझ्यापुढे ठेवा आणि मोठ्यानं सांगा की हे आजींचं आहे. मी चार घास खाईन आणि पुरे म्हणेन. उरलेलं ती टाकणार नाही.